तपासणीची चाकं

चूक करताना माणसाला फारशी भीती वाटत नाही. पण चूक करून तो घरी यावा आणि घरच्यांनी त्याचं कौतुक करावं, त्या वेळी जी लाज वाटते ना, तिला औषध नाही! मस्कतजवळच्या सीबच्या झहरानला त्या बुधवारी दुपारी हाच अनुभव आला.

"पास झाली?" आईने दारातच विचारलं.

"झाली," झहरान म्हणाला आणि गाडीच्या तपासणीचा कागद त्याने पुढे केला.

त्याच्या आईने, नसराने, तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. "अल्हम्दुलिल्लाह! मग उद्या तुझ्या चुलतभावाच्या वरातीला मी तुझ्याच गाडीत बसणार. पुढे मी, मागे सूनबाई आणि माझी नात मझून. सरकारने तपासलीय म्हटल्यावर मी म्हातारी कशाला शंका काढू?"

झहरान कसनुसं हसला.

त्याची गाडी दोन दारांची, लाल, वेगवान. जुनीच घेतलेली, दहा वर्षं झालेली. पाणीपुरवठा कचेरीत नकाशे काढणाऱ्या या साध्या माणसाचं एवढंच एक वेड होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याने कंपनीची अठरा इंची चाकं विकून वीस इंची लावली, काळी, चकचकीत. मग चाक आणि वरचा पत्रा यांच्यातली फट डोळ्यांना खुपायला लागली, म्हणून गल्लीतल्या एका दुकानात स्प्रिंगांचे वेढे चक्क कटरने कापून घेतले. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसू लागली. मित्र म्हणाले, वा! आई म्हणाली, "ही गाडी नव्हे, चप्पल आहे! चप्पल पायात घालतात बाबा, तिच्यात बसत नाहीत!" आणि दोन महिने ती गाडीत चढली नाही.

आता असल्या गाडीला तपासणीत कोण पास करणार? पण चुलतभाऊ हिलालने वाट दाखवली. "घाबरतोस काय? उस्ताद शंबेकडे तपासणीची चाकं आहेत. स्प्रिंगांसकट पुरा संच. एक दिवस लाव, शिक्का घे, परत कर. सगळं मस्कत हेच करतं!" सगळं मस्कत करत नसेल, पण बरेच जण करतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. मंगळवारी उस्ताद मयतीला गेले होते. कारागिरांनी संच बदलून दिला आणि झहरानची काळी चाकं गॅरेजमध्येच राहिली.

आई आत गेली तेव्हा रय्या, त्याची बायको, हळूच म्हणाली, "बाहेर गाडीवर ही करडी चाकं कोणाची रे?"

"का?"

"काही नाही. तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. पण मागच्या सीटवर मझून बसणार आहे, एवढं लक्षात ठेव."

चार वर्षांची मझून तेवढ्यात धावत आली आणि बापाच्या गुडघ्याला बिलगली. गेले काही दिवस वळणावर गाडीखालून खर्र असा आवाज येत होता, आणि आवाज आला की झहरान रेडिओ मोठा करायचा. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून? नाही हो, स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून! आणि उद्याचा रस्ता आमरातच्या घाटातला. आधी सगळा चढ आणि मग सगळा उतार.

दुपारनंतरची असरची नमाज झाल्यावर तो आणि हिलाल गॅरेजवर गेले. उस्ताद शंबे हे बलुची गृहस्थ, वय पासष्टीचं. आयुष्य गाडीखाली गेलं तरी शब्द स्वच्छ. झहरानची चारही काळी चाकं त्यांनी आडवी घालून ठेवली होती, आतली बाजू वर करून.

"या नवरदेव," उस्ताद म्हणाले.

"नवरदेव माझा भाऊ आहे उस्ताद, हा नुसता वऱ्हाडी," हिलाल म्हणाला. "चाकं बसवा लवकर. उद्या पाऊणशे गाड्या निघणार आहेत. त्यात याची उठून दिसली पाहिजे."

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "झहरान, हात दे." त्यांनी त्याची बोटं धरून टायरच्या आतल्या कडेवर फिरवली. "काय लागतंय?"

"चीर आहे."

"आणखी आत घाल बोट. आता?"

झहरानचा चेहरा उतरला. "तार लागतेय."

"रबर कापून आतली पोलादी तार उघडी पडलीय, पुढच्या दोन्ही चाकांची. माणसं बसली, गाडी वळणावर कलली, की टायर आतून पत्र्याला घासतो. दोन महिन्यांत एवढा कापला. बाहेरून बघ, नवी नवरी!"

"आतल्या बाजूला कोण बघतंय उस्ताद?" हिलालने चिमटा काढला.

"रस्ता बघतो," उस्ताद म्हणाले.

उस्तादांनी कहवा ओतला, खजुराची थाळी पुढे सरकवली. झहरानने पेला घेतला, पण तो ओठाला लावायचं त्याला सुचेना.

"मोठं चाक लावणं काही पाप नाही," उस्ताद म्हणाले. "मीही तरुणपणी लावली होती. पण हिशेब ऐक. चाकाची लोखंडी कड मोठी झाली की तिच्यावरचं रबर पातळ होतं. खड्ड्याचा धक्का आधी रबराने सोसायचा, राहिलेला स्प्रिंगने. रबर तू पातळ केलंस. स्प्रिंग तू कापलीस. मग धक्का सोसणार कोण?"

झहरानची नजर आडव्या चाकांकडे गेली.

"तुझ्या आईची कंबर! आणि कंबरेवर भागलं तर अल्लाची मेहेरबानी समज."

"पण उस्ताद, संच तर तुमच्याचकडून नेतात सगळे," हिलाल म्हणाला. "आज उपदेश करताय?"

हा घाव बरोबर बसला. उस्तादांनी पेला खाली ठेवला. "खरं बोललास. पाप माझंही आहे. बारा वर्षं ही चार चाकं मी फिरवतोय. दीडशे वेळा पास झाली असतील. आमच्या सगळ्या खानदानात मिळून कोणी एवढा पास झाला नाही!" कारागीर हसले. उस्ताद मात्र हसले नाहीत. "परवापर्यंत मी म्हणायचो, मी नुसती चाकं देतो, पुढचं ज्याचं त्याने बघावं. काल मयतीहून परत आलो, या टायरमध्ये बोट घातलं आणि माझी झोप उडाली. झहरान, एक सांग. कागद बघून आई काय म्हणाली?"

"म्हणाली, सरकारने तपासलीय, मी कशाला शंका काढू?"

"म्हणजे उद्या ती गाडीत बसणार नाही. त्या कागदावर बसणार आहे. आणि कागद आहे माझ्या चाकांचा, तुझ्या गाडीचा नव्हे!"

अरे देवा! झहरानच्या डोळ्यांसमोर घाटाचा उतार उभा राहिला. पुढे हसणारी आई, मागे रय्याच्या मांडीवर पेंगलेली मझून, आणि चाकाच्या आत, कोणालाच न दिसणारी ती तार!

"उस्ताद, ही चाकं नका बसवू!" तो ओरडलाच. "पण उद्या... गाडीवर आता जे आहे ते तर तुमचं..."

"राहू दे. जे तपासलं तेच रस्त्यावर जाऊ दे, म्हणजे कागद आपोआप खरा होईल. संच तुझा झाला. तो माझ्याकडे परत आला तर उद्या दुसरा कोणी मागेल, आणि मी म्हातारा पुन्हा भिडेला बळी पडेन. तुझी हौस मी मोडत नाही. एकोणीस इंची मागवू, वजन पेलणारा टायर घालू, त्याला जुळणारी स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र बसवू. गाडी दोन बोटं खाली येईल, त्याहून जास्त नाही. मग तशीच तपासणीला ने. नापास झाली तर माझ्याकडे आण."

हिलालने कपाळावर हात मारला. "करड्या चाकांवर वरात! लोक म्हणतील, भाजी आणायला निघाला!"

"म्हणू देत," झहरान म्हणाला. त्याला वाटलं होतं हे शब्द जड जातील. ते जड गेले नाहीत. जड काम पुढे होतं.

घरी येऊन तो आईच्या पायांशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. कापलेल्या स्प्रिंगा, मागून आणलेली चाकं, रेडिओसुद्धा. नसराने मधे एकदाही टोकलं नाही. बोलणं संपल्यावर रय्याने मझूनला उचलून आतल्या खोलीत नेलं.

"मी दुपारी शेजारच्या तीन घरांत हलवा वाटला," नसरा म्हणाली. "माझ्या मुलाची गाडी पास झाली म्हणून. जा, तिन्ही दारांवर जाऊन खरं काय ते सांग. मग उद्या मी बसते."

"आई, लोक हसतील गं!"

"हलवा खाल्लाय त्यांनी. थोडं हसलेलं पचेल त्यांना."

झहरान उठला. पहिल्या दारी लोक हसले. दुसऱ्या दारच्या म्हातारीने त्याला दुवा दिली. तिसऱ्या दारी याकूब नावाचा तरुण राहतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. मान वळवून अंगणातल्या आपल्या बुटक्या, पांढऱ्या गाडीकडे बघत राहिला. त्याच्या पोराची छोटी सीट मागे बांधलेली दिसत होती.

"त्या उस्तादांचं गॅरेज सकाळी किती वाजता उघडतं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

वाचकहो, हौस करावी. देवाने डोळे दिलेत, मन दिलंय, सुंदर गाडी सुंदर दिसावी असं वाटण्यात काही गैर नाही. पण शिक्का मिळवायला एक चाक आणि चालवायला दुसरं, ही लबाडी आपण तपासणाऱ्याशी करतोय असं वाटतं. खरं तर ती आपण आपल्या भरवशावर डोळे मिटून शेजारी बसलेल्या माणसांशी करत असतो! तेव्हा जे लोकांना दाखवाल, तेच वापरा. आणि जे वापरणार आहात, तेच तपासून घ्या. बाकी करडी चाकं असोत की काळी, आई सुखरूप उतरली की वरात सजलीच समजा!