अर्ध्या गाण्याची खुर्ची

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव होतं. ते झिजून आता 'काका' एवढंच उरलं आहे. काकासाहेबांच्या मंडपातली मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची. मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या वर्कशॉपात पत्रा कापून, ठिणग्या उडवून मला जोडलं, निळा रंग दिला आणि उन्हात वाळत ठेवलं. तेव्हा मला एकच हुरहुर होती, आपल्यावर कोण बसेल?

सगळेच बसले. कन्नडच्या लग्नात नवरदेवाचे रुसलेले मामा बसले. अजिंठ्याच्या निकाहात अत्तर लावलेले पाहुणे बसले. पुढारी येईपर्यंत सभेतली माणसं माझ्यावर डुलक्या घेत. काकासाहेब मला थोपटून म्हणत, ही लई भक्कम. मग प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या आल्या. मी गाडीत सगळ्यांच्या खाली जाऊ लागले, आणि असंच कधीतरी माझा एक पाय वाकला.

त्या दिवसांतच शहरातल्या गारखेड्याच्या मैदानावर एक वेगळाच कार्यक्रम झाला. पुण्याहून पाच जण गिटार, ड्रम आणि कीबोर्ड घेऊन आले होते. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असं कानावर आलं. एकेक गाणं कन्नडच्या घाटासारखं, वळणावर वळण, आणि पलीकडचं गाव काही दिसत नाही. पण आमच्या माणसांना कव्वालीची सवय. त्यांनी खुर्च्यांच्या रांगा लावल्या, पुढं पाहुण्यांसाठी सोफे मांडले. तरुण पोरं आली ती उभंच राहायचं म्हणून. त्यांनी खुर्च्या उचलून कडेला रचल्या. मी तेवढी वाचले, कारण माझ्यावर सगीराबाई बसल्या होत्या.

सगीराबाई कन्नडच्या शाळेत शिकवायच्या. लहानपणापासून एक पाय अधू, फार वेळ उभं राहवत नसे. त्यांचा भाऊ मजीद पुण्यात शिकत असताना त्यानं याच पाच जणांचं एक लांबलचक गाणं टेपवर भरून आणलं होतं. गाणं ऐन रंगात आलं आणि कॅसेट संपली. तेव्हापासून दोघं भावंडं वाद घालत आली. मजीद म्हणे, शेवट दणक्यात असणार. बाई म्हणत, नाही, हळूच असणार. मजीद शारजाला गेला तरी फोनवर हाच वाद. आज त्याचा निकाल लागायचा होता. त्यासाठी बाई एसटीनं आल्या होत्या. सोबतीला शेजारच्या सरूबाईंना आणलं होतं.

गाणं सुरू झालं. सरूबाईंनी बराच वेळ वाट पाहिली आणि बाईंच्या कानाशी लागून विचारलं, "बाई, हे नुस्तं सूरच जुळवू लागलेत. गाणं कवा म्हननार?"

बाई हसल्या, पण डोळे मंचावरून हलले नाहीत. ड्रमचा ठोका जमिनीतून माझ्या पायांत चढे, तिथून बाईंच्या अंगात. कॅसेट संपायची ती जागा आली, तसा त्यांनी माझा पत्रा घट्ट धरला. ती जागा ओलांडून गाणं पुढं गेलं. चढत गेलं, चढत गेलं, आणि एकदम थांबलं. सगळी वाद्यं गप्प.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब तयारच होते. शाल आणि नारळ घेऊन ते मंचावर चढले, माइक हातात घेतला आणि सत्काराला सुरुवात केली. गाणारे एकमेकांकडे पाहू लागले. अध्यक्षांचा मान म्हणून त्यांना थांबवायला कोणी पुढं होईना. एकानं तर गिटारचा पट्टाच खांद्यावरून उतरवला.

चारचौघांत आवाज न चढवणाऱ्या सगीराबाई माझी पाठ धरून उभ्या राहिल्या. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. वाकलेला पाय थरथरला, पण मी रोवून उभी राहिले.

"नानासाहेब, गाणं अर्धंच झालंय."

"बाई, टाळ्या झाल्या ना?"

"टाळ्या आपण वाजवल्या. ते नुसते थांबले होते."

तेवढ्यात सरूबाई बोलल्या, "म्हनू द्या की त्यायला. नारळ कुठं पळून चाललाय?"

हशा पिकला. नानासाहेबही हसले. मंचाच्या कडेला जागा करून नारळ मांडीवर घेऊन बसले, आणि गिटारचा पट्टा पुन्हा खांद्यावर गेला.

शेवट दणक्यात नव्हता. हळूही नव्हता. एकेक वाद्य निघून गेलं आणि मागं एक तार राहिली. दळण सरल्यावर रिकामं जातं आपल्याआपण एक फेरा घेतं ना, तशी ती फिरत राहिली. ती कधी थांबली, हे कोणालाच कळलं नाही. नानासाहेबांनाही नाही.

सरूबाईंनी विचारलं, "मग? कोन जिंकलं?"

"दोघंही हरलो, मावशी," सगीराबाई म्हणाल्या. डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

मित्रांनो, आता मी काकासाहेबांच्या गोदामाच्या मागं पडून असते. रंग गेला, गंज आला. त्याची तक्रार नाही. एवढंच मागते, की कुठंही ऐकायला बसलात आणि मधेच शांतता पडली, तर लगेच उठू नका. त्या शांततेच्या पुढचं ऐकायला तुमच्या शेजारी कोणी फार लांबून आलेलं असतं. आणि उठाल तेव्हा आम्हाला फरफटत नेऊ नका, उचलून ठेवा. खुर्चीचा पाय वाकला की बसणाऱ्याचं सगळं ध्यान स्वतःला सावरण्यातच जातं.