फुटक्या पडद्याचा सूड

मी एक जुना, पडदा फुटलेला लॅपटॉप आहे. मित्रांनो, आत्मवृत्तात सहसा सांगत नाहीत ते आधीच सांगतो. मी सूड घेतला आहे आणि मला पश्चात्ताप नाही.

माझा पहिला मालक विनेश. बोर्ली पंचतनला त्याचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. त्याच्यासाठी लग्नाआधीच्या कितीतरी हळदी मी वाजवल्या. एका हळदीत त्याच्याच हातून स्पीकरचा खोका माझ्यावर पडला. पडदा गेला, बाकी मी धडधाकट होतो. तरी त्याने मला तुटक्या वायरींच्या ढिगात टाकलं.

तिथून मला कल्पिताने मागून नेलं. ती आगरदांड्याची, जन्मापासून अंध. "विनेशदादा, मला पडदा कशाला लागतो?" एवढंच ती म्हणाली.

ती समुद्राकाठचे आवाज रेकॉर्ड करून कुठला आवाज कुठून ऐकू यावा ते ठरवायची. त्यासाठी तिने माझ्यात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय बसवून घेतली. मी तिच्या इअरफोनमध्ये बोलायचो, ती बाणांच्या कळा दाबायची. मी सांगायचो, "डावीकडे तीस, मागे चाळीस," आणि जेट्टीवरच्या कोळणीची हाक बरोबर तिथे जाऊन बसायची. चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले की ऐकणारा थेट समुद्रात उभा.

गेल्या गणपतीत विनेशने तिचा हा समुद्र मंडळाच्या देखाव्याला वाजवला, स्पर्धेची ढाल जिंकली आणि व्यासपीठावर सांगितलं, "हे काम माझं." कल्पिता पहिल्या रांगेत बसली होती. तिला फक्त आपलं नाव हवं होतं. पुढे तो तिच्या घरी आला तेव्हा तिने तेच मागितलं. तो म्हणाला, "अगं, तुला दिसत नाही. तुझं नाव लावलं तर लोक हसतील मला."

त्या वेळी ती माझ्यावर रेकॉर्डिंग करत होती. पडदा धड असता तर त्यावरचा लाल ठिपका त्याला दिसला असता.

कल्पिता भांडली नाही. तिने ते वाक्य जपून ठेवलं. यंदा त्याने दिघीच्या फेरीबोटीच्या देखाव्यासाठी आवाज मागितले, तिने मुकाट्याने करून दिले. विनेशने दुकानात पुढचे दोनच स्पीकर लावून तपासलं. मागच्या दोन स्पीकरांच्या आवाजाच्या रेषा त्याच्या नव्या पडद्यावर हलताना दिसल्या, तेवढं त्याला पुरलं.

मंडपात परीक्षक मधोमध बसले. समोरून बोट आली, धक्क्याला लागली, इंजिन थांबलं. त्या शांततेत मागून विनेशचा आवाज आला: "अगं, तुला दिसत नाही. तुझं नाव लावलं तर लोक हसतील मला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. विनेशनेही पाहिलं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून शांतपणे कल्पिताचा आवाज: "मी आगरदांड्याची कल्पिता. ही बोट मी केली."

मग मासळी विकणाऱ्या आवडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "विनेश," त्या म्हणाल्या, "नाव न लावताच हसली रं लोकं."

आणि मंडप हसला. चारही बाजूंनी.

यंदाची ढाल कल्पिताच्या टेबलावर, माझ्या शेजारी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, माणसांना त्यांचं नाव द्या. ते जमणार नसेल, तर निदान फुटक्या पडद्यासमोर तोंड सांभाळून बोला.