एका खुर्चीपुरतं गाणं

जावयाने निवृत्तीची भेट म्हणून स्पीकर आणले. दाराएवढे उंच, दाराएवढे रुंद, आणि पुठ्ठ्यासारखे पातळ. फळीवरचे जुने खोक्याचे स्पीकर त्याने स्वतःच्या हाताने भंगारात घातले.

दुपारच्या चहाला मी आणि ही रोज एक गाणं ऐकतो. बोलत नाही. सकाळचं भांडण असलं तर ते तिथेच मिटतं.

पहिल्या दिवशी मी मधल्या खुर्चीत बसलो. गाणारी बाई समोर येऊन उभी राहिली. तिचा श्वाससुद्धा ऐकू आला.

"वा!"

"कसलं वा?" शेजारच्या खुर्चीतून ही म्हणाली. "तिच्या तोंडावर उशी आहे. आणि तो ढोल आहे की रिकामा डबा?"

"तुझे कान तपासून घेऊ."

"घेऊ की. आधी जागा बदला."

बदलली. उशी माझ्याकडे आली. ते कबूल न करता दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मधली खुर्ची धरली.

त्यानंतर ही चहा स्वयंपाकघरातच घेऊ लागली. "तुमचं चालू द्या," म्हणाली. ज्यांनी संसार केलाय त्यांना हे वाक्य किती जड असतं ते ठाऊक आहे.

सुट्टीला आलेल्या नातीने विचारलं, "आजी का येत नाही?"

मी टॉर्च आणला. "छोटा स्पीकर दिव्यासारखा असतो, आवाज खोलीभर पसरवतो. या नव्या स्पीकरचा एवढा रुंद, सपाट पडदा बारीक आवाज टॉर्चसारखा सरळ फेकतो. मी उजेडात, आजी अंधारात."

"आणि ढोल?"

"पडदा पुढे आवाज ढकलतो, तेव्हाच मागे उलटा आवाज जातो. जाड आवाज कडेने वळतात, एकमेकांना भेटतात आणि दोघंही संपतात. खोकं असतं तर मागचा आत कोंडला असता."

तिने विचार केला. "मग खुर्च्या एकामागे एक लावा. बसमध्ये असतात तशा."

लावल्या. ही बघायला आली.

"मी मागे बसून तुमचं टक्कल बघू?"

ती पुढे बसली. गाणं सुरू झालं. हिची मान हळूहळू स्थिर झाली. माझ्या वाट्याला हिचा अंबाडा आला, आणि बाई त्याच्या पलीकडून गाऊ लागली.

"येतंय ना नीट?" हिने न वळता विचारलं.

"उत्तम."

ढोल आलाच नाही. त्याच्या जागी ही खुर्चीच्या हातावर थाप देत होती. ताल थोडा चुकत होता. मी चहा प्यायलो.