कुणाचे बूट शिवतोस, लेम्युएल?

रेकॉर्ड पुन्हा निघणार म्हणून डेटन शहराच्या वेस्ट साइडला, काळ्यांच्या वस्तीत, जो भेटेल तो क्लिओफस गेदरचं अभिनंदन करत होता, आणि क्लिओफसला एकेक अभिनंदन कानफटात बसल्यासारखं लागत होतं.

बहात्तर वर्षांचा माणूस. १९७१ साली, चोविशीत, थर्ड स्ट्रीटवरच्या एका हॉलमध्ये त्यानं कविता ठणकावल्या होत्या. मागे ड्रम, बास आणि ट्रंपेट. गायचं नाही, नुसतं बोलायचं. पण असं बोलायचं की बसलेल्याचे पाय जागेवर राहता कामा नयेत. ते टेप झालं, पाचशे रेकॉर्डी निघाल्या, खपल्या, लोक विसरले. लोक विसरले याचं क्लिओफसला मनातून बरंच वाटत होतं. कारण रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला शेवटी हजेरी होती.

हजेरी म्हणजे वस्तीतल्या माणसांची नावं पुकारायची. नाव आलं की हॉल गरजायचा, "आहे!" न्हावी झाले, नर्सा झाल्या, फाउंड्रीतले कामगार झाले. मग क्लिओफसनं आवाज खाली आणून विचारलं होतं, "कुणाचे बूट शिवतोस, लेम्युएल पेटवे?" आणि दोनशे माणसं एका गळ्यानं ओरडली होती, "पोलिसांचे!"

लेम्युएलचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. दर गुरुवारी पोलिसांची गाडी दारात थांबायची. चौकीतले बूट टाचा आणि तळवे बदलायला यायचे, बस, एवढंच. पण त्या दिवसांत पोलीस घरात घुसून वस्तीतली पोरं उचलत होते, कुणीतरी नावं पुरवत होतं, आणि ज्याच्या दारात गाडी दिसायची असा माणूस एकच होता. क्लिओफसनं कुणाला काही विचारलं नाही. ओळ झकास जमली होती ना! आठ महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. बायको आणि चार वर्षांच्या पोरीला घेऊन लेम्युएल टोलेडोला गेला आणि तिथल्या एका शाळेच्या फरशा पुसता पुसता मेला. त्यानंतर कधीतरी पोलिसांच्या फायली उघड्या झाल्या, तेव्हा कळलं: नावं पुरवणारा त्या हॉलमध्ये खुर्च्या मांडायचा. "पोलिसांचे!" असं सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडला होता.

तेव्हाही क्लिओफस गप्प बसला. माफी मागायला लेम्युएल उरला नव्हता, ही त्याला सोय वाटली. सोयच म्हणायची, दुसरा शब्द नाही.

मध्यंतरी कुणा पोरानं ती ओळ उचलून आपल्या नाचाच्या गाण्यात घातली आणि ती जगभर वाजली. मग न्यूयॉर्कहून ग्रॅहम लस्क नावाच्या तरुणाचा फोन आला. जुन्या टेपा विकत घेऊन त्यांच्या देखण्या रेकॉर्डी काढणारी कंपनी होती त्याची.

"बाकी काय हवं ते कर," क्लिओफस म्हणाला, "ती ओळ तेवढी काढ."

"मिस्टर गेदर, ती ओळ आहे म्हणून तर रेकॉर्ड काढतोय आम्ही."

"खोटी आहे रे ती!"

"इतिहास आहे तो. आपण कोण कापणारे?"

"मी! माझं तोंड आहे ते!"

"तोंड तुमचंच आहे," ग्रॅहम अगदी मऊपणे म्हणाला. "टेप आमची आहे."

आणि ते खरं होतं. फरची कॉलर असलेल्या एका कोटाच्या मोहात क्लिओफसनं तेव्हा टेपचे हक्क देऊन सही ठोकली होती. ती कंपनी दुसरीनं गिळली, दुसरी तिसरीनं. कोट कधीच कसरीनं खाल्ला. शेवटी क्लिओफसनं त्या परक्या गोऱ्या पोराला सगळं सांगून टाकलं, बूट, गुरुवार, टोलेडो, फायली. मग ग्रॅहमनं हळूच विचारलं, "लेम्युएलचं कुणी आहे का हो मागे?" क्लिओफसला वाटलं, याच्या मनाला लागलं. त्यानं व्हरडेलचं नाव दिलं.

व्हरडेल म्हणजे तीच चार वर्षांची पोर. आता पन्नाशी ओलांडलेली. वीस वर्षांपूर्वी डेटनला परत येऊन चर्चचं स्वयंपाकघर सांभाळत होती. वडिलांनी तिला एवढंच सांगितलं होतं की लोक प्लॅस्टिकचे बूट घ्यायला लागले, धंदा बसला. क्लिओफसचा गुडघा बदलल्यापासून ती दर रविवारी त्याला ताट आणून द्यायची. लेम्युएलच्या पोरीच्या हातचं अन्न क्लिओफसच्या घशाखाली उतरायचं, आणि चवीनं उतरायचं.

त्या रविवारी ती आली ती हसतच. ताट टेबलावर ठेवलं. तळलेली कोंबडी, हिरवी पालेभाजी, पीचचं गोड.

"ब्रदर क्लिओ, तुम्ही महाचोर आहात! माझ्या बाबांचं नाव तुमच्या रेकॉर्डवर, आणि इतकी वर्षं माझ्या कोंबड्या फस्त करताय, एक शब्द नाही?"

"कुणी सांगितलं तुला?"

"त्या ग्रॅहमनं. काय गोड पोरगा हो! म्हणाला, सगळ्यात गाजलेलं नाव तुमच्या वडिलांचंच. नाचाच्या गाण्यातसुद्धा वाजतंय म्हणे, मी कुठली ऐकतेय असली गाणी! फोटो मागितला. माझ्याकडे एकच होता, दुकानाच्या दारात ॲप्रन बांधून उभे आहेत तो. दिला. आत पुस्तिका आहे म्हणे, तिच्यात पानभर छापतायत." तिनं टेबलावरची पांढऱ्या पाकिटातली तबकडी उचलली. कंपनीनं तपासायला पाठवलेली पहिली प्रत. "हीच ना? लावा की."

"सुई गेलीय."

"गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानंच बसवून दिली. कंजूषपणा पुरे."

"व्हरडेल, बस जरा. आधी ऐक."

"बसले. बोला."

क्लिओफसनं तोंड उघडलं. "तुझे वडील… बूट फार छान शिवायचे."

"ते मला ठाऊक आहे. पुढे?"

दोनशे माणसं नाचवलेल्या जिभेला एक साधं वाक्य उचलेना. व्हरडेल थांबून थांबून कंटाळली, उठली आणि ग्रॅहमनं सांगितलेल्या शेवटच्या कवितेवर सुई तिनं स्वतःच टेकवली.

बास सुरू झाला. तिचा पाय हलायला लागला. "अगं बाई, मिसेस टोलिव्हर! या आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवायच्या!" नावामागून नावं येत गेली. मग तरण्या क्लिओफसचा आवाज खाली आला, त्यानं विचारलं, आणि हॉल गरजला. मागून शिट्ट्या आल्या. हशा आला. ट्रंपेटवाल्यानंसुद्धा एक वाकुल्या दाखवणारा सूर काढला.

तिचा पाय थांबला.

"पोलिसांचे म्हणजे?"

आता क्लिओफसनं सांगितलं. आता सगळं भडाभडा आलं, तबकडीनं आधीच सांगून टाकल्यावर.

"तुम्ही बाबांना विचारलं होतं?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"दुकान तुमच्या घरासमोर होतं ना?"

"हो."

व्हरडेलनं हात मांडीवर ठेवले. रडली नाही. "फोटो परत मागवा," ती म्हणाली. "तेवढा एकच आहे. त्याच्याखाली ती ओळ नको. लावा त्याला फोन."

क्लिओफसनं लावला. ग्रॅहम रविवारी कामावरच होता. फोटो लगेच परत करतो म्हणाला, पण पुस्तिका छापून झाल्यात, तीन हजार, बांधूनही झाल्यात. फोटो अप्रतिम आलाय. "ती तिथेच आहे का? तिनं ऐकलं? काय म्हणाली?"

क्लिओफसनं फोन छातीशी धरला.

"काय म्हणतोय?" व्हरडेलनं विचारलं.

"छापून झालंय."

"मग तुम्ही बोला ना. शब्दांवर जगलात जन्मभर. त्याला असं काहीतरी बोला की त्यानं ते जाळून टाकलं पाहिजे."

त्यानं फोन पुन्हा कानाला लावला. "हॅलो," तो म्हणाला. "हॅलो."

"हो हो, बोला, मिस्टर गेदर," पोरगं उतावीळपणे म्हणालं. "तिचं काय म्हणणं आहे ते सावकाश सांगा. मी लिहून घेतोय."