शेवंतीवरचा ठिपका

लोकांच्या मुली रोग बरे करतात, माझी लेक रोग पाळते. तांबेरा! पानांवर विटकरी भुकटी आणणारी ती मेली बुरशी. तिला माझ्या रोपवाटिकेतून हुसकावता हुसकावता माझे केस पिकले, आणि ही बाई प्रयोगशाळेत तिचे जावयासारखे लाड करते. "अगं, लोक हसतील," असं मी सुरुवातीला म्हणायचे. आता भेटेल त्याला थांबवून सांगते.

कारण तिच्याकडची तांबेऱ्याची जात वेगळी, ती गाजरगवताची वैरी आहे. बाहेरून आलेलं ते गवत. इथे त्याला खाणारं कुणी नाही, म्हणून रानोमाळ माजलेलं. त्यानं माझ्या हातांना कायमची खाज लावली. लहानपणी लेक त्या हातांना मलम चोळायची आणि म्हणायची, "थांब, बघतेच त्याच्याकडे." मोठी होऊन खरंच काट्यानं काटा काढायला निघाली.

अडचण एकच होती. गाजरगवत आणि शेवंती एकाच कुळातली. बुरशी शेवंतीवर पसरली असती, तर ती कधीच बाहेर सोडता आली नसती आणि लेकीची सगळी वर्षं पाण्यात गेली असती. म्हणून चाचणीसाठी तिनं माझ्याच शेवंतीच्या कुंड्या मागितल्या. मी दिल्या. शेवटच्या तपासणीला सोबत गेलेही. माझी झाडं मी परक्यांच्या भरवशावर सोडत नाही.

परवानगी देणारे साहेब आले. काचघरात एका बाजूला गाजरगवत तांबेऱ्यानं माखून माना टाकून पडलं होतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दुसऱ्या बाजूला माझी शेवंती हिरवीगार. साहेब मान डोलावत पुढे सरकले. तेवढ्यात लेकीचा हात एका कुंडीच्या बुडाशी गेला आणि तिनं एक पान खुडलं. तिचं तिलाही कळलं नाही. रोपवाटिकेत वाढलेली पोर. डागाळलेलं पान दिसलं की बोटं आपोआप चालतात. पण चाचणीतल्या झाडाला असा हात लावायचा नसतो, हे मलासुद्धा ठाऊक होतं.

तिनं हातातल्या पानाकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. पानावर तपकिरी ठिपका होता. तिची मूठ मिटली. साहेबांची पाठ होती. पाहिलं ते फक्त मी. खरं सांगते, झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच माझ्या मनात आलं.

"सर, थांबा," ती म्हणाली. "मी आत्ता चुकून एक पान खुडलंय. त्यावर ठिपका आहे." आणि तिनं मूठ उघडली.

साहेबांनी पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या. मी तिचा हात धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं साहेब उठले. "भुकटीचा कणही नाही, म्हणजे बुरशी इथून पसरणार नाही. बुरशी आत शिरली, पण शेवंतीनं तेवढी जागा स्वतःच मारून टाकली आणि तिला उपाशी ठेवलं." मग त्यांनी एकूण एक कुंडी खालून वर तपासली. भुकटी कुठेच नव्हती. बुरशी रानात सोडायची परवानगी मिळाली. लेक रडली, मीही रडले.

निघताना साहेबांनी मला विचारलं, "दिसलं पान की खुडायचं, ही सवय हिला कुणी लावली?"

"मी लावली," मी ताठ मानेनं म्हटलं. "मूठ उघडायची मात्र तिची तिनं लावून घेतली."