धुरपदाबाईने मारलेला शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. मूठ लाकडाची, बूड रबराचं. जळगावातल्या एका बोळात कारागिराने माझ्यावर 'सरपंच' अशी उलटी अक्षरं कोरली, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटावीत. तेव्हा वाटलं, आता गावाचं भलं आपल्याच हातून होणार. कसलं काय!

पंचाण्णव साली पहूरकडच्या आमच्या लहानशा गावात सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं. भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, धुरपदाबाई सरपंच झाली. मी मात्र उपसरपंच लीलाधर नानांच्या खिशातच राहिलो. सभेत नाना खुर्चीवर आणि सरपंचबाई दाराजवळ, सतरंजीच्याही बाहेर. कोणाला त्याचं काही वाटत नसे. खोटं कशाला बोलू, मलाही सवय झाली होती.

बाईला एकच गोष्ट हवी होती, भिलाटीत हापशी. भिलाटी नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी प्यायची. त्या पाण्याने हगवण लागून तिची नात दोन दिवसांत गेली होती. सरपंच झाल्यावर बाई कोळशाने भिंतीवर गिरवून गिरवून सही शिकली. वाचायचं तेवढं राहिलं.

एके दिवशी पंचायतीच्या खोलीत नानांनी तिच्यापुढे कागद ठेवला. "काय लिव्हलं, नाना?" तिने विचारलं.

"भिलाटीत एक हापशी मिळावी," नानांनी मोठ्याने वाचलं. "कर सही, धुरपदा."

तिने सही केली. मग हळूच म्हणाली, "शिक्का मले मारू द्या ना."

वर्षभरात पहिल्यांदा मी तिच्या हातात गेलो. तिने मला पदराने पुसलं, शाईवर टेकवलं, दोन्ही हातांनी कागदावर दाबलं. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. इतक्या मायेने मला कोणी धरलं नव्हतं हो. आणि तो कागद तिचा राजीनामा होता. मला बोलता येत नाही, नुसतं उमटता येतं. मी उमटलो.

महिन्याने सभेत राजीनामा मंजूर झाल्याचं ग्रामसेवकाने सांगितलं.

"मंग हापशी कधी येईन?" बाईने विचारलं. दोघं-तिघं हसले. तिने कागद मागून घेतला, सहीवरून बोट फिरवलं. "सही त माहीच हाये," एवढंच बोलली आणि दाराबाहेरची घागर उचलून झिऱ्याकडे गेली.

आता मी पंचायतीच्या कपाटात पडून आहे. माझं रबर तडकलंय. मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं ना? मग जे लिहिलंय तेच वाचून दाखवा, आणि कोणी खोटं वाचत असेल तर गप्प बसू नका. त्या दिवशी त्या खोलीत वाचता येणारे आणखी चार जण बसले होते.