लहरी गिळणारी आत्या

चार काड्या

"आल्या! चारही आल्या!" मागच्या खोलीतून आत्याची भाची ओरडली आणि घराच्या पॅसेजमध्ये दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी हात जोडले. दोन वर्षं त्या खोलीत वायफायची एक काडी धड टिकत नव्हती. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर स्वतः आत जाऊन बघून आले आणि डॉक्टर असूनही त्यांनी नमस्कार केला.

लहरीबाबा पॅसेजच्या मध्यावर भिंतीला टेकून उभे होते. पायाशी जाळीदार लाकडी पेटी, पेटीची वायर जमिनीलगतच्या प्लगमध्ये.

"बाबा, वायर कशाला?"

"शक्तीला आसन लागतं. आसनाला ऊब लागते."

कुणालाच कळलं नाही, म्हणजे नक्की खोल असणार. ही "लहरींना तहान लागलेली जागा" बाबांनी घरभर हिंडून शोधली होती. हातात मोबाइल होता, पण तो कुणी मनावर घेतला नाही. मग त्यांनी आत्याच्या भावजयीकडे वायफायचा पासवर्ड मागितला होता. "बीजाक्षरं आहेत ती, आई. मोठ्याने नको. कानात."

शून्य

"या खोलीत राहतं कोण?" बाबांनी विचारलं.

आत्या राहत होती. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडून निवृत्त झालेली, आता धाकट्या भावाच्या घरी. बाबांनी तिला मघाशीच बाहेर जिन्यात बसवलं होतं. हाक आली तशी ती उठून दारापाशी आली.

"गेल्या! सगळ्या गेल्या!" भाची किंचाळली.

"एकतीस वर्षं लहरी गिळल्यात या बाईंनी," बाबा हळहळले. "सवय जडलीय. या बाहेर, तर लहरी आत."

चमत्काराला दोषी मिळाला की तो दुप्पट खरा वाटतो. भावाने मान खाली घातली. "ताई, थोडे दिवस मावशीकडे जाशील? पोरीचं ऑफिस घरूनच चालतं गं. नोकरीचा प्रश्न आहे."

"थोडे म्हणजे किती?"

भाऊ काही

बफरिंग

बो

बोल

बोलला नाही. भावजय तर बॅग काढायला गेलीसुद्धा.

आत्या पुन्हा जिन्यात बसली. रडू यायला हवं होतं, पण त्याआधी एक गोष्ट खुपली. एकतीस वर्षं तिने बोर्डावरच्या दिव्यांवर डोळा ठेवून पगार घेतला होता. पेटीच्या जाळीआड हिरवा ठिपका होता. तो विझताना तिने पाहिला. आणि तेव्हा तिचा पाय उंबऱ्याच्या बाहेरच होता!

परिणाम आधी पोचला आणि कारण मागून? असा फोन तिने आजवर जोडला नव्हता.

दोन, तीन, चार

दोनेक मिनिटांनी काड्या परतल्याचा जयजयकार ऐकू आला. आत्या दारात आली.

"बाबा, जायचंच आहे तर एकदा खात्री करून जाते. फक्त तुम्ही त्या खुर्चीवर मांडी घालून बसा. उभं राहून दमलात."

"आम्ही दमत नाही."

"बसा हो बाबा!" डॉक्टरांनी भक्तिभावाने खुर्ची पुढे ढकलली. भक्तांपुढे बाबांचं काही चालेना.

आत्या आत शिरली. उंबरा, पॅसेज, खोली. आपल्या खाटेवर ऐसपैस बसली. "किती गं?"

"चार," भाची पुटपुटली. "चारच आहेत, आत्या."

"आता प्लगचं बटण पायाच्या अंगठ्याने बंद करा कुणीतरी. बाबांनी केलं तसं."

डॉक्टरांनी केलं. शून्य.

"पेटी उघडू नका! लहरी कोपतील!" बाबा ओरडले, पण त्यांची मांडी सुटेपर्यंत आत्याने झाकण काढलं होतं.

चार काड्या, बाबांशिवाय

आत राउटर होता. दुकानात मिळतो तसला.

"पहिला राउटर पुढच्या खोलीत," आत्या सांगू लागली. "मध्ये दोन जाड भिंती आणि लोखंडी कपाट. हा दुसरा अध्येमध्ये ठेवलाय, जिथे पहिल्याची रेंज अजून चांगली मिळते. तिथून उचलतो, मागे पाठवतो. त्याला पासवर्ड लागतो, ती तुमची बीजाक्षरं. नेटवर्कचं नाव पहिल्याचंच ठेवलं, म्हणून दुसरा आहे हे कळलं नाही. बंद करून लावला की जुळायला दोन मिनिटं घेतो. उचलून पुढे देताना वेग थोडा घटतो. दोघांमध्ये तार ओढली तर तेही नाही. लांबचे फोन आम्ही असेच वाटेतल्या एक्सचेंजमधून पुढे द्यायचो."

तोवर बाबा खुर्चीतून अंतर्धान पावले होते. जिन्यावर चपलांचा आवाज मात्र चांगला चार काड्यांचा आला.

"ताई, चुकलंच माझं," भाऊ म्हणाला.

"चुकलं. बहिणीला घराबाहेर काढायला निघालास, पण एक बटण दाबून बघावंसं वाटलं नाही. ते लागलं मला."

इतक्यात डॉक्टर पुढे सरसावले. "आत्या, तुमच्या हाताला गुण आहे हो! आमच्या दवाखान्यातही रेंज नाही. एकदा तुमचे पाय लागले तर..." आणि ते वाकलेच.

"उठा आधी!" आत्या कडाडली. "बाबांनी सांगितलं म्हणून मानलंत, तसं मी सांगते म्हणून मानू नका. बटण बंद करा, चालू करा, पेटी इकडची तिकडे करा आणि काड्या स्वतः मोजा. जिथे बटणाला हात लावू देत नाहीत ना डॉक्टर, तिथे हात जोडू नका."